दशावतार आणि दहाचा ठोका

कार्तिक लागून तुळशीचीं लग्नें आटोपलीं, कीं वेंगुर्ल्याच्या पंचक्रोशींत जत्रांचे दिवस सुरू होतात. भात खळ्यांतून कणगींत पडलेलें असतें, मुंबईचे चाकरमानी चार दिवसांची रजा काढून गांवीं आलेले असतात, आणि पावसाळाभर बंद राहिलेले दशावतारी मंडळ्यांचे पेटारे पुनः उघडले जातात. तेथून पुढें वैशाखापर्यंत या टापूंत कोठल्या ना कोठल्या देवळापुढें पखवाजावर थाप पडली नाहीं अशी रात्र क्वचितच जाते. अलीकडे मात्र या थापेबरोबर निराळाच एक ठोका ऐकूं येऊं लागला आहे. तो घड्याळांतील दहाचा ठोका होय. रात्रीं दहानंतर कर्णा वाजूं नये असा कायदा आहे, आणि दशावतार तर मध्यरात्रीच्या सुमारासच उभा राहतो. तेव्हां कायदा राहावा कीं दशावतार राहावा, असा प्रश्न गांवोगांवच्या पारावर विचारला जात आहे, आणि पुढारी मंडळी आपापल्या सोयीप्रमाणें त्यास उत्तरें देत आहेत. आमच्या मतें प्रश्नाची ही मांडणीच चुकलेली आहे. ती कशी चुकली हें सांगण्यापूर्वीं, ज्या वस्तूचा हा तंटा आहे ती वस्तु काय आहे याची ओळख परजिल्ह्यांतील वाचकांस करून देणें अवश्य आहे.

परस्थ वाचकांपैकीं पुष्कळांस वेंगुर्लें ठाऊक असतें तें काजूवरून. ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ हीं कलमांचीं नांवें येथें १९५७ सालीं निघालेल्या फळ संशोधन केंद्रानें दूरवर पोंचविलीं आहेत. पण बंदर या नात्यानें गांवाचें वय त्याहून पुष्कळच मोठें आहे. १६३७ सालीं डचांनीं येथें व्यापाराचें ठाणें घातलें. त्यांच्या वखारीच्या भिंती पडक्या स्थितींत कां होईना, अद्याप उभ्या आहेत. १८१२ सालीं हें बंदर सावंतवाडीकरांकडून इंग्रजांकडे गेलें. पुढें आगबोटी आल्या, आणि गेल्याहि. १९८१ सालीं रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग होऊन वेंगुर्लें सिंधुदुर्गांत मोडूं लागलें. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पुरी झाली, पण तीहि समुद्रकांठ सोडून कुडाळ-सावंतवाडीवरून निघून गेली. एवढा इतिहास पोटांत घेऊन बसलेल्या या गांवीं बाहेरचा पाहुणा येतो, वखार पाहतो, दीपगृह पाहतो, मासळीबाजारांत हिंडतो, आणि सायंकाळीं विचारतो कीं, तुमच्या गांवची कला कोठें पाहावयास मिळेल? या प्रश्नानें आमच्यापैकीं बहुतेकांची मोठी तारांबळ उडते.

तारांबळ उडण्यास कारणहि आहे. कवि मंगेश पाडगांवकर १९२९ सालीं वेंगुर्ल्यांत जन्मले, चिं. त्र्यं. खानोलकर दुसऱ्याच वर्षीं याच तालुक्यांत जन्मले. नाटककार मधुसूदन कालेलकर येथलेच, आणि जयवंत दळवी शेजारच्या आरवलीचे. एका लहानशा तालुक्यानें इतके लेखक महाराष्ट्रास द्यावे ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु या सर्वांस नांव, मान आणि वाचक मिळाले ते मुंबईस. व्यापारी वाचकांच्या भाषेंत बोलावयाचें तर कच्चा माल आमचा आणि पेढी दुसऱ्याची. जी कला या गांवाबाहेर नेली असतां निम्मी होते, आणि म्हणूनच येथें राहिली, ती एकच आहे. आणि तीच पाहुण्यास दाखविण्याचें आम्हांस सुचत नाहीं, कारण तिला इमारत नाहीं, फलक नाहीं आणि तिकिटाची खिडकी नाहीं.

जत्रेच्या रात्रीं देवाची पालखी प्रदक्षिणा करून आंत गेली, म्हणजे देवळापुढच्या मोकळ्या जागेंत एक लांकडी बांक आणून ठेवतात. रंगभूमीचें सर्व सामान तें एवढेंच. बाजूस पायपेटीवाला, पखवाजी आणि झांजवाला बसतो. प्रथम आडदशावतार होतो. गणपति येतो, ऋद्धिसिद्धि येतात, सरस्वती येते, ब्रह्मदेव येतो. आणि मग काळ्या वेषाचा संकासुर वेद पळवून नेतो व विष्णूच्या हातून मरण पावण्यापूर्वीं अर्धा घटकाभर सर्व गांवाची मालवणींत टर उडवून घेतो. देवांनीं शुद्ध बोलावें व असुरानें घरची भाषा बोलावी, आणि लोकांनीं असुराच्याच तोंडून हंसत हंसत चार खऱ्या गोष्टी ऐकून घ्याव्या, ही योजना ज्या कोणा अज्ञात पुरुषास सुचली त्याला समाजाची नाडी चांगलीच सांपडली होती असें म्हटलें पाहिजे. यानंतर मुख्य आख्यान लागतें. त्याची लिखित संहिता नसते. आज कोणतें कथानक लावावयाचें, कोणी कोणतें पात्र घ्यावयाचें, हें खेळाच्या आधीं रंगपट करतांना एकमेकांस सांगून ठेवावयाचें, आणि मग बांकासमोर उभें राहून पहाटेपर्यंत संवाद जागच्या जागीं रचीत जावयाचे. तोच बांक घटकेंत कैलास होतो, घटकेंत लंकेचें सिंहासन होतो, घटकेंत युद्धभूमीवरचा रथ होतो. उजाडतांना दहीकाल्याची हंडी फुटते आणि रात्रभर इंद्र म्हणून मिरवलेला मनुष्य तोंड धुऊन घरच्या गुरांस वैरण घालण्यास जातो.

ही कला जुनी आहे हें सांगण्यास पुरावा शोधीत बसावयास नको. समर्थ रामदासांच्या दासबोधांत दशावतारी खेळांचा व त्यांतील स्त्रीवेषधारी पुरुषांचा उल्लेख आहे. ती कोंकणांत कोणी आणली, कर्नाटकांतून आली कीं येथेंच उपजली, यावर विद्वानांनीं खुशाल वाद घालावा. आम्हांस महत्त्वाची वाटते ती गोष्ट निराळी आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भाव्यांनीं ‘सीतास्वयंवर’ करून मराठी नाटकाचा पाया घातला असें आपण मानतों. त्या नाटकांत आरंभीं गणपति व सरस्वती येत, सूत्रधार पद्यें म्हणे आणि पात्रें आपापलीं भाषणें आयत्या वेळीं करीत. हेंच तर आमच्या देवळांपुढें आजहि चाललें आहे! ज्या अवस्थेंतून मराठी रंगभूमि पावणेदोनशें वर्षांपूर्वीं पुढें गेली, ती अवस्था पुस्तकांत न वाचतां डोळ्यांनीं पाहावयाची असेल तर ती मोचेमाड, खानोली, आजगांव, वालावल या गांवांचीं नांवें लावणाऱ्या मंडळ्यांच्या खेळांतच पाहिली पाहिजे. सावंतवाडीच्या गंजिफ्यांत याच दहा अवतारांचे दहा डाव व एकशें वीस पानें असतात. राजे शिवरामराजे भोसले व राणी सत्त्वशीलादेवी यांनीं ती कला हातीं धरली म्हणून ती आज जिवंत आहे. गंजिफ्यास राजघराणें भेटलें. दशावतारास रयतेशिवाय कोणी वाली नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखालीं २००० सालीं ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांप्रमाणें रात्रीं दहा ते सकाळीं सहा या वेळांत ध्वनिक्षेपकास मनाई आहे. सांस्कृतिक अथवा धार्मिक उत्सवाप्रीत्यर्थ राज्य सरकारास वर्षांतून फार तर पंधरा दिवस ही मनाई शिथिल करतां येते, आणि तीहि मध्यरात्री बारापर्यंतच. हे पंधरा दिवस गणपति आणि नवरात्र यांच्या वांट्यास प्रथम जातात हें सांगावयास नको. आणि ते एखादे वेळीं जत्रेच्या वांट्यास आले तरी ज्या खेळाची सुरुवातच बाराच्या सुमारास होते, त्याला बारापर्यंतची सवलत देणें म्हणजे जेवण वाढण्यापूर्वीं पत्रावळ उचलण्यासारखें आहे.

मागील हंगामांत एका जत्रेस आम्ही गेलों होतों. गांवाचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पालखी आंत जाण्यास साडेअकरा झाले. संकासुर नुकताच आला होता, तोंच दोन पोलीस शिपाई देवस्थानच्या मंडळींपाशीं येऊन अदबीनें उभे राहिले. थोडी बोलाचाली झाली, कोणी जिल्ह्याच्या ठिकाणीं फोन लावून पाहिला, आणि अखेरीस कर्णा बंद झाला. मागच्या खुर्च्यांवर बसलेले लोक ‘आतां काय ऐकूं येणार’ म्हणून उठूं लागले. मंडळी पेटारा आवरते कीं काय असें आम्हांस वाटलें. पण राजाचें सोंग घेतलेला नट बांक सोडून चार पावलें पुढें आला आणि त्यानें आपला आवाज काढला. पखवाजवाल्यानें हात हलका केला. उठलेले लोक पुढें येऊन जमिनीवर बसले, पोरें गप्प झालीं, आणि पाव तासानें त्या अंगणांत असा सन्नाटा पडला कीं, राजाच्या पायांतले चाळ शेवटच्या रांगेस ऐकूं येत होते. आमच्या शेजारीं एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ते कानाशीं लागून म्हणाले, ‘वकीलसाहेब, आता खरो दशावतार गावलो बघा!’ आम्ही वादास पुष्कळ वर्षें सरावलेले, पण या एका वाक्याचें खंडन आम्हांस अद्याप साधलेलें नाहीं.

कर्णा म्हणजे दशावतार नव्हे. आजच्या वृद्ध नटांच्या गुरूंनीं कर्ण्याशिवायच रात्रीं जागविल्या. त्यांचे आवाज तयार होते. आज बांकावर लोंबत्या ध्वनिग्राहकाखालीं दोन हातांच्या जागेंत उभें राहण्याची संवय झालेल्या नटाचा आवाजहि आंखडला आणि पाऊलहि आंखडलें. युद्धाच्या प्रसंगीं जो वीर पूर्वीं सारें अंगण तुडवीत असे, तो आतां आपलें भाषण ऐकूं जावें म्हणून फिरून फिरून त्या तारेखालीं येतो. शिवाय गांवांत आजारी माणसें असतात, बाळंतिणी असतात, परीक्षेचीं मुलें असतात. १८ जुलै २००५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें जो निर्णय दिला त्याचें सार हेंच आहे कीं, ऐकण्याची इच्छा नसलेल्यास बळेंच ऐकावयास लावण्याचा हक्क कोणासहि नाहीं. मग तें देवाचें नांव कां असेना. हें तत्त्व आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. म्हणून ‘आम्ही जत्रांस कर्ण्याची सूट मिळवून देतों’ असें व्यासपीठावरून सांगणारे पुढारी दशावताराचे हितकर्ते नव्हेत, असें आम्ही स्पष्ट म्हणतों. त्यांना मतें हवीं आहेत, आणि मतें मोठ्या आवाजांत मागावीं लागतात एवढाच याचा अर्थ.

परंतु आमचें म्हणणें येथेंच संपलें असतें तर हा लेख लिहिण्याचें कारण पडलें नसतें. कर्णा बंद केला म्हणजे कायद्याचें समाधान होतें अशी समजूत आहे. ती चूक आहे. २०१० सालीं या नियमांत दुरुस्ती झाली, आणि रात्रीच्या मनाईंत ध्वनिक्षेपकाबरोबर ‘वाद्य’ हा शब्दहि घातला गेला. म्हणजे नियमाच्या अक्षरास चिकटून राहणारा एखादा अंमलदार निघाला, तर पखवाज आणि झांज हींहि त्यास बंद करतां येतील. अपवाद आहे तो बंदिस्त जागेचा: सभागृहें, समाजमंदिरें इत्यादि. आतां कोंकणांतील देवळाचा सभामंडप बंदिस्त मानावयाचा कीं उघडा? त्याला वर कौलें आहेत, खालीं जमीन सारवलेली आहे, परंतु तिन्ही बाजूंस पुष्कळदां कमरेइतका कठडा तेवढा असतो. ज्यांनीं हा नियम लिहिला त्यांच्या डोळ्यांपुढें शहरांतील लग्नाची वरात आणि भिंती हलविणारे पेटीवजा कर्णे होते. दोन हातांनीं वाजणारा पखवाज नव्हता, हें उघड आहे. यंत्रानें वाढविलेला आवाज आणि मनुष्याच्या कंठाचा व हाताचा आवाज यांत कायद्यानें भेद केला पाहिजे. ही दुरुस्ती केंद्र सरकारच्या हातची आहे, आणि ती मागण्याचें काम राज्य सरकारचें व आमच्या प्रतिनिधींचें आहे. कर्ण्याची सूट मागण्यांत जितका दम खर्च होतो त्याच्या चतुर्थांशानें हें काम होण्यासारखें आहे.

शेजारच्या कर्नाटकांत हा प्रश्न आमच्या आधीं उद्भवला. कटीलच्या देवीचे यक्षगानाचे मेळे प्रसिद्ध आहेत. भाविक लोक नवसाचे खेळ वर्षानुवर्षें आगाऊ नोंदवून ठेवतात. २०२२ सालीं या नियमांमुळेंच तेथील रात्रभराचा खेळ मध्यरात्रीच्या सुमारास आटोपता घेण्याचें ठरलें. लोकांस तें रुचलें नाहीं. प्रकरण उच्च न्यायालयांत गेलें, आणि २०२४ च्या आरंभीं आवाजाचे नियम पाळण्याच्या अटीवर रात्रभराचे खेळ पुनः सुरू झाले. तेथील लोकांनीं हुल्लड केली नाहीं. कागद केले, वकील दिला आणि मुद्दा मांडला. कर्नाटकांत यक्षगानासाठीं स्वतंत्र अकादमी आहे, हेंहि जातां जातां सांगून ठेवतों. आमच्याकडे काय आहे, तें वाचकांस ठाऊकच आहे.

दुसरा विषय ‘ट्रिकसीन’चा. हल्लीं कित्येक मंडळ्यांच्या जाहिरातींत नटांच्या नांवांपेक्षां हा शब्द मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. रंगीत दिवे, धूर, एकाएकीं उघडणारी गुहा, तोंडांतून जाळ सोडणारा राक्षस. पूर्वीं डोक्यावरून जाणारा पेटारा आतां टेंपोंतूनहि मावेनासा झाला आहे. यांत सर्वच वाईट आहे असें म्हणण्याइतके आम्ही सोंवळे नाहीं. लोकांस नवल हवें असतें, आणि संकासुराचें सोंगहि एके काळीं नवलच असेल. पण देवस्थान एका रात्रीचे जे पैसे देतें त्यांतील दिव्यांचा वांटा वाढला कीं, माणसांचा वांटा घटतो, हा हिशेब व्यापाऱ्यांस समजावून सांगावयास नको. आणि ज्या बांकावर शब्दांच्या जोरानें कैलास उभा राहत होता, तेथें पुठ्ठ्याचा कैलास आणून ठेवल्यावर शब्दांस काम काय उरलें?

आतां माणसांविषयीं. दशावतारी नटास बहुधा रात्रीच्या हिशेबानें बिदागी मिळते. लेखी करार क्वचितच असतो. तोंडचा शब्द व मंडळीचें नांव यांवर सारा व्यवहार चालतो. पावसाळ्याचे चार महिने शेती नाहीं तर मोलमजुरी. तरवारींच्या हातांत पाऊल मुरगळलें, आगीच्या खेळांत हात भाजला, तर पुढच्या रात्रींची बिदागी बुडते आणि औषधाचा खर्च पदरचा. सरकार वृद्ध कलावंतांस मानधन देतें, आणि २०२४ सालीं तें दरमहा ५००० रुपये केलें, याबद्दल आम्ही सरकारास धन्यवाद देतों. पण अर्जाबरोबर कलेच्या सेवेचे पुरावे जोडावे लागतात. ज्यानें चाळीस वर्षें रात्रीं दोनशें गांवांतून राजा, राक्षस आणि राणी होऊन काढल्या, त्याच्याजवळ कागद कोणता? संहिता नाहीं, तिकीट नाहीं, नेमणुकीचें पत्र नाहीं. मुंबईच्या नाट्यगृहांत दोनदां भालदार झालेल्या गृहस्थाजवळ छापील जाहिरात असते. याच्याजवळ गुडघेदुखीशिवाय कांहीं नसतें.

आणखी एक अन्याय नवा आहे. हल्लीं प्रत्येक जत्रेंत दहा-पांच लोक हातांतील मोबाइल उंच धरून सबंध खेळ चित्रित करतात आणि दुसऱ्या दिवशीं तो यूट्यूबवर चढवितात. हजारों लोक तो पाहतात, जाहिराती लागतात, पैसा येतो. नटास त्यांतील दिडकी मिळत नाहीं. पुष्कळांची अशी समजूत आहे कीं, लिहिलेलें नाटकच नाहीं तर हक्क कशाचा? ही समजूत खोटी आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यांत १९९४ सालीं दुरुस्ती होऊन प्रयोग करणाराचा स्वतंत्र हक्क मान्य झाला. त्याची मुदत प्रथम पंचवीस वर्षें होती, ती १९९९ सालीं पन्नास केली. आणि २०१२ सालीं तो अधिक विस्तारानें सांगितला गेला. या कायद्यांत ‘प्रयोग करणारा’ या शब्दाच्या व्याख्येंत नट, गायक, वादक यांच्या जोडीस कसरतवाला, जादूगार आणि गारुडी हेहि आहेत. ज्या कायद्यास गारुडी आठवला तो दशावतारी नटास विसरलेला नाहीं. नटासच कायदा ठाऊक नाहीं. घरीं आईस दाखविण्यासाठीं कोणी दोन घटकांचें चित्र घेतलें तर त्यास कोणी हरकत घेऊं नये. परंतु धंदा म्हणून जो चित्रित करील त्यानें मंडळीची व नटांची लेखी संमति घ्यावी आणि उत्पन्नाचा वांटा ठरवावा, असें प्रत्येक देवस्थानानें जत्रेच्या जाहिरातींतच छापावें. ‘दशावतार’ नांवाचा बोलपट सप्टेंबर २०२५ मध्यें निघाला, त्यांत दिलीप प्रभावळकरांनीं वृद्ध दशावतारी नटाची भूमिका केली, आणि शहरोशहरीं लोकांनीं तो गर्दी करून पाहिला. पडद्यावरील नटाच्या हालांनीं डोळे पुसणाऱ्या प्रेक्षकांनीं अंगणांतील नटाचें चित्र फुकट पळवूं नये, एवढी अपेक्षा फार नाहीं.

स्त्रियांनीं दशावतार करावा कीं नाहीं, हाहि प्रश्न अलीकडे निघतो. या जिल्ह्यांत स्त्रियांनीं आपलीं दशावतारी मंडळें काढून प्रयोग केलेही आहेत. पुरुषानें वठविलेली राणी ही एक मोठी विद्या आहे, आणि ती टिकावी; पण स्त्री बांकावर बसल्यानें ती विद्या बुडेल ही भीति व्यर्थ आहे. बालगंधर्वांनंतर स्त्रिया रंगभूमीवर आल्या म्हणून बालगंधर्व लहान झाले नाहींत. जत्रेच्या आडोशास चालणाऱ्या जुगाराविषयीं मात्र आम्हांस दोन अक्षरें कठोर लिहिलीं पाहिजेत. १८८७ चा जुगारबंदीचा कायदा अजून जागा आहे. ज्यांच्या कानांस अर्ध्या कोसावरून पखवाज ऐकूं येतो, त्यांस वीस हातांवरचे फांसे ऐकूं येऊं नयेत, याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. खेळ बंद पडल्यावर लोक घरीं न जातां त्या आडोशाकडे वळतात, हें आम्हीं स्वतः पाहिलें आहे.

वेंगुर्ल्याच्या व्यापारी मंडळींस आमचें सांगणें एवढेंच आहे कीं, जत्रेच्या कमानीवर दुकानाचें नांव झळकविण्यासाठीं जो पैसा दरसाल जातो, त्यांतील थोडा भाग एखाद्या मंडळीच्या नटांचा अपघाताचा विमा उतरण्यास द्यावा. आंबा-काजूच्या हंगामांत हमालाचा विमा उतरणारे दुकानदार या गांवांत आहेत. त्यांना ही गोष्ट नवी नाहीं. पावसाळ्यांत खेळ नसतात तेव्हां नगरपरिषदेनें कालेलकरांच्या नांवाचें आपलें सभागृह आठवड्यांतून एक सायंकाळ तरी वृद्ध नटांस मोकळें द्यावें. तेथें त्यांनीं पोरांस पाऊल, पद्य आणि आवाज शिकवावा, आणि तोहि कर्णा न लावतां. जागा बंदिस्त आहे. कायद्याची हरकत नाहीं.

आणि देवस्थानांच्या विश्वस्तांस एक विनंति आहे. रोजकीर्द लिहिण्याची चाल आपल्या लोकांत पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्याच धर्तीवर प्रत्येक देवळांत दशावताराची एक वही ठेवावी. जत्रेची तिथि व तारीख, मंडळीचें नांव, लावलेलें आख्यान, कोणी कोणतें सोंग घेतलें, पायपेटीस व पखवाजास कोण होतें, बिदागी किती दिली, कर्णा किती वाजतां बंद केला. खालीं नटांच्या व दोन विश्वस्तांच्या सह्या. दहा मिनिटांचें काम आहे. उद्यां मानधनाचा अर्ज करतांना हीच वही वृद्ध नटाचा पुरावा होईल, चित्रणाचा तंटा उपस्थित झाला तर हीच न्यायालयांत दाखवितां येईल, आणि नियमांत दुरुस्ती मागावयास दिल्लीस जाणाऱ्याच्या हातीं, किती गांवांत किती रात्रीं कर्ण्याशिवाय शांततेनें खेळ झाले, याचा लेखी आधार राहील. अशा रकाने आंखलेल्या पंचवीस वह्या आम्हीं बांधून आमच्या कचेरींत ठेवल्या आहेत. रविवार खेरीज कोणत्याहि दिवशीं सकाळीं दहा ते बारा या वेळांत येऊन, देवस्थानचें नांव सांगून, त्या विनामूल्य घेऊन जाव्या. पहिली वही ज्या गांवीं गेल्या हंगामांत कर्णा बंद पडला त्या गांवासाठीं राखून ठेवली आहे.